नऊ नंबरला करमत नाही

तिसऱ्या मजल्यावर नऊ नंबरला करमत नाही, असं मी कॉम्प्युटरवर लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला फिटर पाना घेऊन वॉर्डात हजर झाला.

हे कसं झालं ते मीच सांगते. नंतर जो तो आपापल्या सोयीने सांगत सुटला आणि खापर मात्र माझ्या डोक्यावर फुटलं. मी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डातली सिस्टर. अठरा खाटा, एकतीस वर्षं नोकरी. माझ्यामागे मला सगळे कात्री म्हणतात हे मला ठाऊक आहे. भेटीची वेळ चार ते पाच. पाचला मी दारात उभी राहून एकदा टाळी वाजवते आणि सगळे नातेवाईक बाहेर. कोणाचा हात हातात असो, कोणाचं वाक्य अर्धं असो, पाच म्हणजे पाच. वॉर्ड चालवायचा तर लाड करून चालत नाही, असं माझं मत होतं.

तर झालं असं, की आमच्या वॉर्डाला एक मनपत्रक आलं. रोज प्रत्येक पेशंटच्या नावापुढे, त्याचं मन कसं आहे, ते एका चौकटीवर बोट ठेवून कळवायचं. चौकटी पाच. उदास, काळजीत, चिडचिडा, विसराळू, ठीक. अगदी तळाला सहावी, ‘इतर’. तिच्यात टाइप करावं लागायचं, आणि आम्ही तिघी सिस्टर एका बोटाने टाइप करणाऱ्या, त्यामुळे त्या चौकटीच्या वाटेला कोणी गेलं नाही. पत्रक आलं तेव्हा ते भरायचं कसं हे कोणी सांगितलं नाही. तीन महिन्यांनी वरून हुकूम आला, की ज्येष्ठांच्या मनाच्या गरजा ओळखायला परिचारिकांना तयार करायचं आहे, सात दिवसांचं प्रशिक्षण, ड्युटी सांभाळून दुपारी दोन ते चार. म्हणजे आधी स्वयंपाक, मग चूल.

शिकवायला एक मॅडम आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, पोरगी गोड, पण काहीही बोला, ‘वा, छान’ म्हणायच्या. पेशंट एकटक भिंतीकडे बघत असेल तर सिस्टरने काय करावं, असं त्यांनी विचारलं. आमच्यातली एक म्हणाली, “मॅडम, मला बाथरूमला जायचंय.” त्यावरही मॅडम म्हणाल्या, “वा, छान.” त्या दिवसापासून त्यांचं नाव वाछान.

तिसऱ्या दिवशी वाछान मॅडमनी पडद्यावर आमच्याच पेशंटांच्या रेघा दाखवल्या. रोजच्या चौकटींवरून कॉम्प्युटर एक रेघ काढतो. रेघ वर गेली म्हणजे मन सुधारतंय. नव्वद दिवसांत रेघ हललीच नाही, तर त्या पेशंटवर इथे खर्च करायचा नाही, त्याला निवास केंद्रात पाठवायचं. हे केंद्र गावाबाहेर, बसने दोन तास लांब. छान जागा आहे, भरपूर झाडं आहेत, असं सगळे सांगतात. तिथून परत आलेलं कोणी मला कधी भेटलं नाही, म्हणून झाडांचं खरं-खोटं मला माहीत नाही.

“ही बघा,” मॅडम म्हणाल्या, “नऊ नंबरची रेघ. अठ्ठ्याहत्तर दिवस. अगदी सरळ.”

अठ्ठ्याहत्तर दिवस मी स्वतः त्या माणसापुढे ‘ठीक’ या चौकटीवर बोट ठेवलं होतं.

नऊ नंबरचे आजोबा सरकारी वजनमापवाले. पस्तीस वर्षं दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासले, खरा काटा असेल तर त्यावर शिक्का मारला, खोटा असेल तर जप्त केला. घरात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून उभं राहायचं. आजोबा उभे राहिले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. काही मागायचे नाहीत, घंटी वाजवायचे नाहीत, दिलं तेवढं खायचे. त्रास देत नाही तो ठीक, हा आमचा हिशेब. आणि पहिल्याच दिवसापासून ठीक असलेला माणूस आणखी कुठे सुधारणार? कॉम्प्युटरच्या मते सुधारणा शून्य. माझ्या आळशी बोटाने मी त्या माणसाची रवानगी लिहीत होते, रोज थोडी थोडी.

मला आजोबांपेक्षा जास्त काळजी लागली ती त्यांच्या बायकोची. एवढीशी आजी. दोन बस बदलून रोज चारच्या ठोक्याला यायची. गुडघे असे, की लिफ्ट बंद असली तर प्रत्येक पायरीवर थांबून पुढच्या पायरीचा विचार करायची. यायची, खुर्ची ओढायची, नवऱ्याच्या पाठीकडे बघत बसायची. घरून आणलेले टॉवेल घडी घालून कपाटात ठेवायची, जुने पिशवीत भरायची. बोलणं फारसं नाही. पाचला मी टाळी वाजवली की सगळ्यांच्या आधी उठायची. शहाणी बाई, त्रास नाही, असं मी म्हणायचे. नवरा केंद्रात गेला तर हिला तिथे रोज जाणं शक्य नव्हतं. महिन्यातून एकदा गेली तरी खूप. बारा दिवस हातात होते.

त्याच संध्याकाळी मी नऊ नंबरच्या खाटेपाशी गेले. “आजोबा,” म्हटलं, “खरं खरं सांगा. काय होतंय तुम्हाला?”

मग भिंतीला सांगावं तसं ते म्हणाले, “करमत नाही.”

मी कॉम्प्युटरपाशी येऊन चौकटी बघितल्या. उदास म्हणावं तर डोळ्याला पाणी नाही. काळजीत म्हणावं तर कसली विचारणा नाही. चिडचिड नाही, विसर नाही. करमत नाही हे वेगळंच. माणूस असतो तिथेच असतो आणि तिथे नसतो. मी वाछान मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, “सिस्टर, करमत नाही ही भावना नाही. यादीत नाही ना? मग ती तक्रार झाली.”

“तक्रार तर तक्रार,” म्हटलं, आणि एका बोटाने ‘इतर’मध्ये टाइप केलं, करमत नाही.

आता यातली मेख अशी. हे मनपत्रक ज्या जुन्या प्रोग्रामात घुसवलं होतं, त्यात ‘इतर’ची चौकट आधीपासून होती. पंखा आवाज करतो, नळ गळतो, खाटेचं चाक निघालं, अशा तक्रारी त्यातून थेट तळघरातल्या देखभाल विभागात जायच्या. तिथे पिवळं कार्ड छापून निघायचं. माझं करमत नाही सुद्धा तसंच छापून निघालं.

फिटर म्हणजे पन्नाशीचा, रुंद बांध्याचा, कानावर पेन्सिल. वीस वर्षं तळघरात काढल्यामुळे उजेडात आला की डोळे बारीक करणारा.

“सिस्टर, हे करमत नाही कुठे आहे?” त्याने कार्ड पुढे धरलं. स्थळ, तिसरा मजला, खाट नऊ. बिघाड, करमत नाही.

“अहो दादा, ते चुकून तुमच्याकडे आलंय. खाटेला नाही, पेशंटला करमत नाही. जा परत.”

“परत कसा जाऊ? कार्ड निघालंय. तक्रारदाराची सही झाल्याशिवाय कार्ड बंद होत नाही.”

“आणा इकडे, मी करते सही.”

“तक्रारदार तुम्ही का?” त्याने डोळे आणखी बारीक केले. “तुम्हाला करमत नाही का?”

एकतीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि हातात पाना धरलेल्या माणसाला त्याचं उत्तर द्यायची माझी तयारी नव्हती. मी नऊ नंबरकडे बोट दाखवलं.

फिटरने खाटेचा दांडा हलवून पाहिला. वाकून खाली बघितलं. मग कार्ड उलटं केलं, पेन्सिल काढली आणि पंख्याबद्दल विचारावं त्या आवाजात विचारलं, “कधीपासून?”

“आल्यापासून,” आजोबा भिंतीला म्हणाले.

“सतत, की मधूनमधून?”

“दुपारी जास्त.”

“एकदम बंद पडलं, की हळूहळू?”

“हळूहळू. आधी पेपर वाचावासा वाटेना. मग खिडकीकडे बघावंसं वाटेना.”

“कोणी ठोकाठोकी केली होती का मध्ये?”

“हाडाच्या डॉक्टरांनी.”

फिटरने तेही लिहून घेतलं. “याआधी कुठे नीट चालत होतं?”

आणि आजोबा वळले. अठ्ठ्याहत्तर दिवस मी त्या माणसाची पाठ पुसत होते, त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा समोरून नीट दिसला. “बाजारात,” ते म्हणाले. मग त्यांनी बाजार सांगायला सुरुवात केली. कुठला दुकानदार पारड्याखाली मेण लावायचा, कुठला काट्यावर करंगळी ठेवायचा, कोणाच्या किलोत शंभर ग्रॅम हवा असायची. फिटर खाटेच्या कडेला टेकला आणि पाऊण तास ऐकत होता. मी औषधांची गाडी घेऊन तिथून चार वेळा गेले, कारण नसताना.

शेवटी फिटर उठला. “करा सही.”

“काम झालं?”

“पाहणी झाली.”

“मग सही कशाची?” आजोबांचा आवाज चढला. “काटा बरोबर दाखवल्याशिवाय मी जन्मात शिक्का मारलेला नाही.”

“मग मला उद्या परत यावं लागेल.”

“या.”

चार वाजता आजी आली, दारात थबकली, खाटेचा नंबर वाचला आणि मग आत आली. तिला वाटलं खाट चुकली. तोंड इकडे असलेला नवरा बघायची तिला सवय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फिटर आला, तिसऱ्या दिवशीही आला. मी रोज ‘इतर’मध्ये तेच लिहीत गेले, कारण खरं तेच होतं. चौथ्या दिवशी चार नंबरच्या आजी कडाडल्या. त्या एकेकाळी टेलिफोन ऑपरेटर होत्या, आवाज अजून खणखणीत. “त्याच्याकडे रोज माणूस येतो आणि माझ्याकडे कोणी बघत नाही. माझं काय नीट चाललंय का? लिहा माझं पण.”

लिहिलं. मग सहा नंबर, मग अकरा, मग सगळी रांग. आठवडाभरात अठरा कार्डं निघाली. एकट्या फिटरच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं, म्हणून सुतार आला, रंगारी आला, वायरमन आला. प्रत्येकजण आपल्या धंद्याचं विचारायचा. वायरमनने बारा नंबरच्या बाईंना विचारलं, “झटका बसतो, की नुसताच दिवा मिणमिणतो?” त्या गणिताच्या शिक्षिका, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. म्हणाल्या, “मिणमिणतो. पण त्यांचं स्वेटर हाताला लागलं की झटका.” रंगाऱ्याने सहा नंबरला विचारलं, की जुना थर खरवडायचा, की त्याच्यावरच मारायचा. सहा नंबर म्हणाले, विचार करून सांगतो, आणि दोन दिवस खरंच विचार करत बसले.

प्लंबर चौदा नंबरकडे गेला. हे आजोबा सहा फूट उंच, मोठा भाऊ वारल्याला महिना झालेला, डोळ्यांतून टिपूस नाही. प्लंबरने विचारलं, “गळतंय, की तुंबलंय?”

“तुंबलंय,” ते म्हणाले, आणि मग जे गळायला लागलं ते अर्धा तास थांबलं नाही. प्लंबर टॉवेल धरून शेजारी उभा. गळती बघून तो घाबरत नाही, त्याला सवय असते. आमची नवी सिस्टर असती तर डॉक्टरला बोलवायला धावली असती. आणि मी? मी म्हटलं असतं, “आजोबा, असं करायचं नाही हं,” आणि पाण्याचा ग्लास पुढे केला असता. हे मला तिथे उभं राहून कळलं आणि माझीच मला लाज वाटली.

इकडे बाकीच्या इमारतीचे हाल कुत्रं खाईना. पहिल्या मजल्यावर नळ वाहत होते, मोठ्या साहेबांचा पंखा नुसता मान डोलावत होता, आणि मंगळवारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. आत वाछान मॅडम. त्यांनी फोन केला तर देखभालीचे फोरमन म्हणाले, “थोडं थांबावं लागेल मॅडम, सगळी माणसं तिसऱ्या मजल्यावर करमत नाहीवर गेलीत. तिथे साथ आहे. मला तर वाटतं, आख्खी लाइनच बदलावी लागणार.” मॅडम चाळीस मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा कोणालाच वा, छान म्हणाल्या नाहीत.

मग ही कार्डं ‘इतर’मधून निघतात याचा शोध लागला, आणि शोध लागल्यावर काय होणार ते ठरलेलंच. कॉम्प्युटरवाले येऊन ‘इतर’ची चौकट काढून गेले. हुकूम निघाला, की तिसऱ्या मजल्यावरची सगळी पिवळी कार्डं शुक्रवारपर्यंत बंद करायची. सतरा जणांनी सह्या केल्या. बिचाऱ्यांना सरकारी कागदावर सही करायची आयुष्यभराची सवय. नऊ नंबरने केली नाही.

शुक्रवार म्हणजे नव्वदावा दिवस. पावणेचारला मोठे साहेब, फोरमन, वाछान मॅडम आणि फिटर नऊ नंबरच्या खाटेभोवती उभे. खाली गाडी तयार, पाचला आजोबांना केंद्रात न्यायचं. मी साहेबांच्या आडवी गेले. 

“साहेब, हा माणूस बोलायला लागलाय. तोंड फिरवून पडलेला माणूस इकडे बघायला लागलाय.”

“पत्रकात कुठे दिसतंय?”

“पत्रकात तशी चौकट नाही.”

“सिस्टर, चौकट होती तोवर तुम्ही ‘इतर’ लिहिलंत. ‘इतर’ला गुण नाहीत. रेघ जिथे होती तिथेच आहे.” मग ते आजोबांकडे वळले आणि कार्ड पुढे धरलं. “आजोबा, सही करा, म्हणजे हे प्रकरण मिटलं. करमतं ना आता?”

“नाही,” आजोबा म्हणाले.

“मग बारा दिवस फिटर काय करत होता?”

“पाहणी.”

“तुम्ही सही करून टाका हो.”

“खोट्या काट्यावर मी शिक्का मारत नाही.”

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. अरे बाबा, एक सही कर, करमतं म्हण, निदान मला भांडायला तोंड राहील. पण त्यांनी पेनाला हात लावला नाही. फोरमन म्हणाले, “पेशंट करत नसेल तर नातेवाइकाची सही चालते, साहेब.”

तेवढ्यात चार वाजले आणि आजी दारात आली. हातात टॉवेलांची पिशवी. साहेबांनी तिला खुर्ची दिली, कार्ड दिलं, पेन दिलं. “इथे सही करा आजी. पुढचं आम्ही बघतो.”

आजीने चष्मा लावला. तिला घाई नव्हती. फिटरने बारा दिवस पेन्सिलीने जे जे लिहिलं होतं त्या प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत तिने वाचलं. मेण, करंगळी, शंभर ग्रॅम हवा, सगळं. पन्नास वर्षांच्या संसारात हे तिला किती माहीत होतं कोण जाणे. मग तिने कार्डाचा वरचा भाग परत वाचला आणि पेन बाजूला ठेवलं.

“पत्ता चुकलाय,” ती म्हणाली.

“कसला पत्ता?” साहेबांनी विचारलं.

“इथे खाट नऊ लिहिलंय. करमत नाही ते आमच्या घरी.”

वाछान मॅडमनी वही उघडली आणि परत मिटली. मी आजीच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले, आणि तेवढ्यात आजोबांनी दांड्याला धरून स्वतःला वर ओढलं. नव्वद दिवसांत त्या माणसाने बायकोला एकही प्रश्न विचारलेला मी ऐकला नव्हता.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

आजीने त्यांच्याकडे बघितलं. “नव्वद दिवस झाले.”

“एकदम, की हळूहळू?”

“एकदम. तुम्ही पडलात त्या दिवशी.”

“याआधी नीट चालत होतं?”

“बरं चालत होतं की. तुमची कुरकुर सोडली तर.”

“सतत असतं, की मधूनमधून?”

“सततच.” तिने टॉवेलांच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “चार वाजता थांबतं. पाचला परत सुरू होतं.”

मी हात मागे घेतला. पाचला दारात उभं राहून टाळी कोण वाजवत होतं, ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. आजीने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“लिहून घ्या,” आजोबा फिटरला म्हणाले. फिटर आधीच लिहीत होता.

वाछान मॅडम हळूच म्हणाल्या, “हे प्रश्न कुठल्या पानावर आहेत?”

“कार्डाच्या मागे छापलेत, मॅडम,” फिटर म्हणाला. “सगळ्याच कार्डांवर असतात. पंख्याला पण हेच विचारतो आम्ही.”

मॅडमनी कार्ड उलटं करून वाचलं आणि ते सगळे प्रश्न वहीत उतरवून घेतले. प्रत्येक प्रश्नाला नंबर घातला. मग काय वाटलं कोण जाणे, नंबर खोडले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. “ते सगळं ठीक आहे. पण गाडी खाली उभी आहे. रेघ हललेली नाही, नव्वद दिवस झालेत, पेशंटला हलवावं लागेल.”

“नाही हलवता येणार, साहेब,” फोरमन म्हणाले. माणूस अडवाअडवी करणारा नव्हता, नियमाचा होता. “कार्ड उघडं असेल तर ती वस्तू जागेवरून हलवायची नाही. देखभालीचा नियम सात.”

“अहो, तो माणूस आहे, वस्तू नाही.”

“कार्डावर खाट नऊ आहे. आणि तक्रारदाराने सही दिलेली नाही. नातेवाइकानेही नाही. उलट बिघाडाची जागा वाढली आहे, आता घरसुद्धा पाहावं लागेल.”

“मग बंद कधी होणार हे कार्ड?”

फोरमननी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी पाय खाटेवरून खाली सोडले होते. मी एकतीस वर्षं माणसं उठवते आहे, उठायला निघालेला माणूस मला पाठीवरून कळतो. मी धावत जाऊन कोपराखाली हात घातला.

“कागदावरून कळत नाही,” आजोबा म्हणाले. “जागेवर जाऊन बघावं लागतं. पस्तीस वर्षं हेच केलं.” आणि ते उभे राहिले. फार वेळ नाही. दहा मोजेपर्यंत. गुडघे थरथरत होते, सगळा भार माझ्या हातावर होता, पण उभे होते. मग धपकन बसले आणि म्हणाले, “आज नाही जमणार. घर चार जिने वर आहे.”

“लिफ्ट नाही का?” वायरमन दारातून म्हणाला. तो कधी आला होता मला माहीत नाही.

साहेबांनी कपाळाला हात लावला. गाडी रिकामी परत गेली. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा द्यायला सांगितलं, तो मी दिला. मी हेही लिहिलं, की उभं राहण्याची चौकट पत्रकात नसल्यामुळे मी ते कुठेच भरलेलं नाही. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. नियम सात मात्र अजून लागू आहे.

पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. त्या शुक्रवारी सगळे निघून गेल्यावर वॉर्डात नेहमीसारखं झालं. नातेवाईक खुर्च्या ओढून बसले. नऊ नंबरपाशी फिटर खाटेचा दांडा आवळत होता, तो खरंच सैल झाला होता. आजोबा बायकोला विचारत होते, की दुपारी जास्त होतं का. ती म्हणत होती, “दुपारचं काय घेऊन बसलात, सकाळी चहा दोन कप होतो आणि एक ओतून द्यावा लागतो.” ते म्हणाले, “हे आधी का सांगितलं नाहीस?” ती म्हणाली, “कोणी विचारलं?”

मी दारात माझ्या जागेवर उभी होते. घड्याळात पाच वाजले. बाकीच्या खाटांवरचे नातेवाईक माझ्याकडे बघायला लागले, दोघं-तिघं सवयीने उठले सुद्धा. आजी खुर्चीतून अर्धवट उठली, गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत थांबली.

मी हात एप्रनच्या खिशात घातले.